स्वसंरक्षणाची मर्यादा आणि पंचाचे इमान



कायद्यावर बोलायला वकील बोलवावा, असा प्रघात आहे. मी वकील नव्हे. कामगार संघटनेत काम करणारा माणूस आहे. पण कारखान्याच्या दारावर मारामारी झाली, चाळीत चोर शिरला, की रात्रीबेरात्री दार ठोठावले जाते ते आमचे. प्रश्न ठरलेला असतो : "त्याने आधी हात उचलला, म्हणून मी मारले. यात माझा गुन्हा काय?" या एका प्रश्नापायी मला कायद्याची पुस्तके उघडावी लागली. त्यांत जे आढळले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

याबाबत लोकांत दोन समजुती आहेत. एक अशी की, कोणी अंगावर आला तरी हात जोडून उभे राहावे आणि नंतर पोलीस चौकी गाठावी. दुसरी अशी की, समोरच्याने कुरापत काढली की पुढे आपण काहीही करावे, सारे माफ. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

१८६० सालच्या भारतीय दंड संहितेत स्वसंरक्षणाची कलमे ९६ ते १०६ अशी होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीत ही कलमे ३४ ते ४४ झाली. आकडे बदलले, गाभा तोच राहिला. आपल्या शरीराचे व मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. एवढेच नव्हे, तर दुसऱ्याचे, अगदी अनोळखी माणसाचेही रक्षण करण्याचा हक्क आहे. पळून जाण्याची सक्ती कायदा करीत नाही.

परंतु या हक्काला कुंपण आहे. सरकारी यंत्रणेकडे दाद मागण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही. बचावासाठी जितकी इजा करणे आवश्यक, तिच्यापेक्षा अधिक करता येत नाही. जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो तो मोजक्याच प्रसंगी : मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल, बलात्काराचा, पळवून नेण्याचा किंवा ॲसिड टाकण्याचा हल्ला असेल, रात्री घर फोडले जात असेल, अशा वेळी. आंबे चोरणाऱ्या पोराला गोळी घालण्याचा हक्क बागाईतदाराला नाही. धोक्याची वाजवी भीती वाटू लागते तेव्हा शरीररक्षणाचा हक्क जन्मतो आणि ती भीती सरली की तो मरतो. हल्लेखोर निःशस्त्र होऊन जमिनीवर पडला, त्यानंतर घातलेला घाव हा बचाव नव्हे, तो सूड होय.

माझ्या कामगार बंधूंनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दोन्ही बाजू ठरवून, काठ्या घेऊन भिडल्या, तर सामान्यतः कोणालाच स्वसंरक्षणाचे छत्र मिळत नाही. आणि सरकारी नोकर सद्भावनेने आपले काम करीत असेल, तर त्याच्या कृतीत थोडा नियमभंग असला तरी त्याच्याविरुद्ध हा हक्क नाही. मात्र त्या कृतीने मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती निर्माण झाली तर गोष्ट वेगळी.

आता पाहा, हा सारा कायदा कोणत्या शब्दावर उभा आहे? 'वाजवी' या शब्दावर. वाजवी भीती, वाजवी प्रतिकार. न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे की, अंगावर कोयता आलेल्या माणसाच्या प्रतिकाराचे माप सोनाराच्या काट्यावर करू नये. आपला बचाव निःसंशय सिद्ध करण्याचीही आरोपीवर सक्ती नाही. तो संभवनीय आहे एवढे दाखवले तरी पुरते. तरीही माप कोणीतरी घ्यावेच लागते. आरोपीच्या जागी, त्या घटकेला स्वतःला उभे करून कोणीतरी ठरवावे लागते. आपल्याकडे मोठमोठ्या खटल्यांत दीर्घकाळ हे काम ज्यूरीकडे, म्हणजे तुमच्याआमच्यासारख्या नागरिकांकडे होते.

ज्यूरीचे इमान काय करू शकते, हे १६७० साली लंडनमध्ये दिसले. रस्त्यावर धर्मोपदेश केल्याबद्दल विल्यम पेन व विल्यम मीड यांच्यावर खटला झाला. दोषी ठरवा, असा दबाव असताही ज्यूरीने ऐकले नाही. त्यांना अन्नपाण्यावाचून कोंडले, दंड केला. एडवर्ड बुशेल याने दंड भरण्यास नकार दिला, आणि शेवटी मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी ठरवले की, दिलेल्या निर्णयाबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही.

आपल्याकडचा अनुभव मात्र कडू आहे. लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या १८९७ च्या खटल्यात ज्यूरी सहा विरुद्ध तीन अशी फुटली. १९०८ साली सात विरुद्ध दोन. दोन्ही वेळी दोषी म्हणणारे युरोपीय होते आणि निर्दोष म्हणणारे हिंदी. पुरावा एकच, न्यायालय एकच; मते मात्र कातडीच्या रंगाप्रमाणे वाटली गेली. सहा वर्षांची शिक्षा ऐकून मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. ज्यूरीने जे ऐकले नाही, ते रस्त्याने सांगितले.

तो परक्यांचा अन्याय होता, असे म्हणून आपण हात झटकू. मग १९५९ चे काय? नौदलाचे कमांडर नानावटी यांनी २७ एप्रिल रोजी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. पत्नीची कबुली ऐकून ते जहाजावर गेले, खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली आणि आहुजांचे घर गाठले. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. पण आहुजा स्नान करून टॉवेल गुंडाळून उभे होते, तीन गोळ्या झाडल्या गेल्या तरी तो टॉवेल सुटला नव्हता. वृत्तपत्रांनी, विशेषतः 'ब्लिट्झ'ने, आरोपीला नायक केले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष म्हटले. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय मान्य झाला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. तेथे १९६० साली जन्मठेप झाली, १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनातही चुका होत्या, असे वरच्या न्यायालयांना आढळले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण मी विचारतो, गणवेशातल्या अधिकाऱ्याच्या जागी एखादा हमाल असता, तर त्याच पुराव्यावर आठ मते पडली असती काय? आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे, ही वृत्ती गोऱ्यांची मक्तेदारी नाही.

या एका खटल्यामुळे ज्यूरी गेली, असे म्हणतात. ते पूर्ण खरे नाही. कायदा आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालातच ती रद्द करण्याची शिफारस केली होती. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली, तीत फौजदारी खटल्यांसाठी ज्यूरीला जागाच उरली नाही.

ज्यूरी गेली म्हणून आपली जबाबदारी गेली काय? मुळीच नाही. आज नागरिक न्यायालयात जातो तो साक्षीदार म्हणून आणि पंच म्हणून. झडतीला परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच हवेत, असे कायदा सांगतो. काठी कोठे पडली होती, कडी आतून तुटली की बाहेरून, रक्त उंबऱ्याच्या अलीकडे होते की पलीकडे, यावर स्वसंरक्षणाचा बचाव तरतो किंवा बुडतो. आणि आपण काय करतो? चहा पिऊन, न वाचता पंचनाम्यावर सही ठोकतो. आता झडती व जप्तीचे चित्रीकरण करण्याची तरतूद आहे. चांगलेच झाले, पण कॅमेरा हातात धरणारा माणूसच असतो.

आमच्याही लोकांना मी स्पष्ट सांगतो. मारामारी झाली की आपले साक्षीदार शपथेवर सांगतात, "आमचा माणूस तेथे नव्हताच." या खोट्याने खरा बचाव मरतो. जो तेथे नव्हताच, त्याने जीव वाचवण्यासाठी हात उचलला, असे वकिलाने कोणत्या तोंडाने सांगावे? पुराव्यातून दिसला तर असा बचाव न्यायालय आपण होऊनही विचारात घेऊ शकते; पण साक्षीदारांनीच तो पुरावा पुसून टाकला तर न्यायालयाने पाहावे काय? खरे सांगितले असते, "होय, तो होता, त्याच्या डोक्यात सळई बसली, मग त्याने काठी फिरवली," तर कदाचित तो सुटला असता. आपल्या माणसाला वाचवण्यासाठी बोललेले खोटे आपल्याच माणसाला तुरुंगात धाडते. त्याची बायको जेव्हा पगाराच्या तारखेला रिकामा डबा घेऊन दारात उभी राहते, तेव्हा त्या खोट्याची किंमत कळते.

स्वसंरक्षणाचा हक्क हे गरिबाचे शस्त्र आहे. श्रीमंताच्या दारावर पहारेकरी असतो; गरिबाला स्वतःच उभे राहावे लागते. ते शस्त्र बोथट होऊ द्यायचे नसेल, तर दोन गोष्टी पाळा : हात उचललाच तर भीती संपताच तो खाली घ्या, आणि साक्षीला उभे राहिलात तर माणूस कोणाचा आहे हे न पाहता, घडले तेवढेच सांगा.