पलटण तीच, ध्वज आपला
(केडगाव, ता. दौंड येथील व्याख्यानाचा संपादित पाठ)



महाराष्ट्रातील कित्येक जुन्या गावांत चावडीच्या, वेशीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली एक लहानशी शिळा आढळते. १९१४ ते १९१९ या काळातील महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती परतली नाहीत, एवढाच मजकूर तिच्यावर कोरलेला असतो. दोन आकडे असतात, नाव एकही नसते. पुणे, सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांतून जाणाऱ्या येणाऱ्याच्या नजरेस अशी शिळा पडली, तरी त्याची पावले तिथे थबकत नाहीत. कोठे तिच्यावर चुन्याचे थर चढले आहेत, तर कोठे जाहिरातीचा कागद चिकटला आहे.

या माणसांना काय म्हणावे, हा प्रश्न स्वतंत्र भारताला नेहमीच अवघड वाटत आला. ते ज्या सैन्यात होते ते इंग्रजांचे होते. ज्या युद्धात ते पडले ते त्यांच्या देशाचे युद्ध नव्हते. म्हणून त्यांना हुतात्मा म्हणण्यास जीभ कचरते आणि भाडोत्री म्हणून झटकून टाकण्यास मन धजत नाही. या पेचावर समाजाने एक सोपा उपाय शोधला, तो म्हणजे विस्मृतीचा. हा उपाय न्याय्य आहे काय, याचा विचार आज करावयाचा आहे. तो करताना दोन पलटणींचा मागोवा घेणे पुरेसे ठरेल.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जे सैन्य धाडले त्याचे नावच मुळी 'सहावी पुणे डिव्हिजन' असे होते. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी तिची पहिली तुकडी पर्शियन आखाताच्या माथ्याशी, फाओ येथे उतरली. आपल्या पुण्याचे नाव धारण करणाऱ्या या डिव्हिजनमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. दख्खनच्या आणि कोकणच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची ही मुले होती. दख्खनी मुसलमानही याच पलटणींतून लढत होते.

प्रारंभी विजयामागून विजय मिळत गेला. बसरा पडले, जून १९१५ मध्ये अमारा पडले, सप्टेंबरअखेर कूत हातात आले. या यशाने वरिष्ठांची हाव वाढली. पुरेशी रसद नाही, नदीतून माल वाहणाऱ्या बोटी अपुऱ्या, जखमींना मागे आणण्याची सोय नाही, अशा अवस्थेत जनरल टाउनशेंड याला बगदादच्या दिशेने पुढे लोटण्यात आले. नोव्हेंबर १९१५ मध्ये तेसिफोनच्या लढाईत साडेचार हजारांवर माणसे मृत वा जखमी झाली आणि डिव्हिजनला माघार घ्यावी लागली. ३ डिसेंबरला थकलेले सैन्य कूत येथे परतले. चार दिवसांत तुर्कांनी त्याला वेढा घातला.

हा वेढा १४७ दिवस चालला. टायग्रिस नदीच्या वळणावरील त्या गावात धान्य संपत आले तेव्हा तोफा ओढणारे घोडे आणि खेचरे कापण्यास सुरुवात झाली. भारतीय शिपायांनी घोड्याचे मांस नाकारले. भारतातील धर्माचार्यांची अनुमती तारेने मागवण्यात आली, तरी पुष्कळ जण उपाशी राहिले. अन्नातील सत्त्वाच्या अभावाने हिरड्या सडू लागल्या, जखमा भरून येईनात. विमानांतून पिशव्या टाकून धान्य पुरवण्याचा प्रयत्न झाला, परंतु तो फारच तोकडा होता. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत बाहेरच्या सैन्याची सुमारे २३ हजार माणसे मृत वा जखमी झाली. अखेर वेढा उठवण्यासाठी तुर्कांना २० लाख पौंड देऊ करण्यात आले, तेही त्यांनी धुडकावले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली.

त्यानंतरची कथा अधिक विदारक आहे. सेनापती टाउनशेंड याला कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर सन्मानाने ठेवण्यात आले. शिपायांना वाळवंटातून पायी हाकण्यात आले. भारतीय कैद्यांपैकी अनेकांना रास अल ऐन येथे बगदादकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या कामावर जुंपण्यात आले. उपासमार, अतिसार आणि ऊन यांनी हजारो जण त्या वाटेवर संपले. १९१७ मध्ये चौकशी आयोगाने या मोहिमेच्या व्यवस्थेवर कठोर ताशेरे ओढले. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन याने राजीनामा दिला. पण शिपायाच्या घरी त्याचे काय पोहोचले?

बसऱ्याला १९२९ मध्ये एक भव्य स्मारक उभे राहिले. ज्यांच्या समाधीचा पत्ता नाही अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी ते होते आणि त्यांतील बहुसंख्य भारतीय होते. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली, अधिकाऱ्यांची नावे कोरली. भारतीय शिपायाच्या वाट्याला मात्र पलटणीचे नाव आणि त्यापुढे मृतांची संख्या एवढेच आले. गावच्या शिळेवरही आकडा, बसऱ्याच्या भिंतीवरही आकडा! युद्धसमाधींची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने या भेदभावाबद्दल २०२१ मध्ये जाहीर दिलगिरी व्यक्त केली. तोपर्यंत या सैनिकांची बहुतेक मुलेही हयात राहिली नव्हती.

या अन्यायाचे मूळ लोकमान्यांनी त्याच काळात ओळखले होते. टिळकांनी सैन्यभरतीला आंधळा विरोध केला नाही. शस्त्रविद्या समाजाच्या हाती आली पाहिजे, हे ते जाणून होते. परंतु भारतीय तरुणाला अधिकारपद नाही आणि देशाला स्वराज्य नाही, तर त्याने कोणत्या नात्याने रक्त सांडावे, असा त्यांचा रोकडा सवाल होता. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत त्यांनी देशरक्षणाची सांगड स्वराज्याशी घालताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना बोलू दिले नाही आणि टिळक सभात्याग करून निघून गेले. पुढे डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा उभी केली, तिच्यामागेही हीच दृष्टी होती. सैनिकी गुण तर हवेतच, पण ते वापरण्याचा निर्णय आपल्या हाती हवा.

असा पेच केवळ आपल्याच वाट्याला आला असे नाही. मध्य युरोपातील हंगेरी या लहान देशाचा आधुनिक लष्करी इतिहास म्हणजे याच पेचाची दीर्घ कहाणी आहे. तिथे सैनिकाला 'होनवेद' म्हणतात. त्याचा अर्थ मातृभूमीचा रक्षक. १८४८ साली हंगेरीने ऑस्ट्रियाच्या सम्राटाविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारले, तेव्हा स्वयंसेवी पलटणींनी हे नाव धारण केले. रशियाच्या झारने ऑस्ट्रियाच्या मदतीला सैन्य पाठवले आणि ऑगस्ट १८४९ मध्ये होनवेद शरण गेले. ६ ऑक्टोबरला अराद येथे त्यांच्या १३ सेनानींना मृत्युदंड देण्यात आला. त्यानंतर पहिल्या महायुद्धात हंगेरियन शिपाई त्याच सम्राटघराण्यासाठी लढले. कूत येथे आपली माणसे तुर्कांच्या वेढ्यात होती तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी तुर्कांच्याच बाजूने युद्धात उतरलेले होते. पुण्याचा शिपाई आणि बुडापेस्टचा शिपाई परस्परांच्या विरुद्ध गोटांत होते आणि दोघांच्याही युद्धाचा निर्णय तिसऱ्यानेच घेतला होता.

त्या युद्धानंतर १९२० च्या त्रियानाँच्या तहाने हंगेरीची सुमारे दोन तृतीयांश भूमी गेली. ती परत मिळवण्याच्या आशेने तेथील राज्यकर्ते जर्मनीच्या आहारी गेले. १९४२ मध्ये सुमारे दोन लाखांचे हंगेरियन दुसरे सैन्य रशियात डॉन नदीच्या काठी नेऊन बसवण्यात आले. रणगाडाविरोधी तोफा अपुऱ्या, थंडीचे कपडे अपुरे. १२ जानेवारी १९४३ रोजी सोव्हिएत आक्रमण सुरू झाले आणि मृत, जखमी व कैदी मिळून लाखाच्या वर माणसे गमावली गेली. सक्तीच्या मजुरीसाठी नेलेले हजारो ज्यूही त्यांत होते. या सैन्याच्या काही तुकड्यांनी रशियन नागरिकांवर अत्याचार केले, हेही तितकेच खरे आहे.

युद्धानंतर हंगेरी सोव्हिएत अंमलाखाली गेली आणि डॉनकाठच्या मृतांचा उघड शोक करणेही अशक्य झाले. १९५६ च्या उठावात कर्नल पाल मालेतेर हा अधिकारी आपल्या लोकांच्या बाजूने उभा राहिला आणि नव्या सरकारचा संरक्षणमंत्री झाला. वाटाघाटींसाठी बोलावून रशियनांनी त्याला अटक केली. १९५८ मध्ये त्याला पंतप्रधान इम्रे नॉज यांच्यासह फाशी देण्यात आली. १६ जून १९८९ रोजी, फाशीच्या वर्षदिनी, बुडापेस्टमध्ये अफाट जनसमुदायासमोर त्यांचे पुन्हा सन्मानाने दफन झाले. राजवट बदलल्यावर डॉनकाठच्या मृतांसाठीही पाकोझ्द येथे स्मारक-चॅपल उभारण्यात आले. चुकीच्या युद्धाचे समर्थन न करताही त्यात पडलेल्या आपल्या माणसाला पाणी देता येते. मुले रणांगणावर कोणी पाठवली याचा जाब राज्यकर्त्यांकडे मागायचा आणि मुलांना मात्र घरी आणायचे, असा हा विवेक आहे.

आता पुन्हा आपल्या पलटणींकडे वळू. कूत येथे जवळजवळ नामशेष झालेल्या त्या पलटणी पुन्हा उभ्या करण्यात आल्या. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३ वी ही मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली आणि ११० वी ही तिसरी. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही इटलीत लढल्या. १० जुलै १९४४ रोजी तिसऱ्या बटालियनच्या नाईक यशवंत घाडगे यांचे सर्व सहकारी मशीनगनच्या माऱ्यात पडले. एकट्या घाडगे यांनी त्या ठाण्यावर झेप घेतली. गोळ्या भरण्यास वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोन शत्रूंना लोळवले आणि मग ते स्वतः पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना नदीपार वाहून नेले, मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि माऱ्यात बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत पलटणीला पुढे बोलावले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक रायगड जिल्ह्याचा, दुसरा नगर जिल्ह्याचा. पराक्रम सर्वोच्च होता, पण ध्वज अजूनही परका होता.

१९४७ साली तो ध्वज बदलला. तिसरी बटालियन छत्रीधारी झाली, १९४८ मध्ये काश्मीरच्या नौशेरा-झंगड भागात लढली आणि पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये '२ पॅरा' या नावाने ओळखली जाऊ लागली. मग आला डिसेंबर १९७१. पहिली मराठा बटालियन जमालपूरच्या लढाईत होती. तेथून ढाक्याकडे पळणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट तोडण्यासाठी ११ डिसेंबरला २ पॅरा टांगाईलजवळ आकाशातून उतरली आणि तिने पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. १२ डिसेंबरच्या संध्याकाळी पहिली मराठा बटालियन तिथे येऊन पोहोचली. ज्या दोन पलटणी ५५ वर्षांपूर्वी टायग्रिसच्या काठी एकत्र उपाशी राहून एकत्र कैद झाल्या होत्या, त्यांचे वारस पुंगलीच्या पुलावर विजयी होऊन भेटले. १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम प्रवेश करण्याचा मान २ पॅराला मिळाला. कूतला १३ हजार शरण गेले होते, ढाक्याला ९३ हजार शरण आले.

पुंगलीचे धैर्य कूतच्या धैर्याहून वेगळे नव्हते. मातीही तीच होती आणि रक्तही तेच होते. फरक होता तो निर्णयाचा. कूतला शिपाई कोणाच्या तरी महत्त्वाकांक्षेसाठी उभा होता, ढाक्याला तो आपल्या राष्ट्राच्या संकल्पासाठी उभा होता. परंतु ढाक्याचा विजय आपला म्हणायचा आणि कूतचे हाल परक्यांचे म्हणायचे, हा हिशेब प्रामाणिक नव्हे. उपासमारीतही न फुटण्याची जी परंपरा त्या शिपायांनी जपली, तिच्याच बळावर स्वतंत्र भारताची सेना उभी राहिली. त्या साम्राज्याचा गौरव करण्याचे कारण नाही. पण त्याच्या पापाचे ओझे या शिपायांच्या डोक्यावर ठेवण्याचेही कारण नाही.

यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसण्याची आवश्यकता नाही. त्या युद्धात गेलेल्या सैनिकांना जी चांदीची पदके मिळाली, त्यांच्या कडेवर त्या सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. बसऱ्याच्या भिंतीने जे नाव नाकारले, ते घरातल्या पेटीतील पदकाच्या कडेवर बारीक अक्षरात उभे आहे. कितीतरी पदके दुष्काळात, लग्नकार्यात चांदीच्या भावाने सोनाराकडे मोडीत गेली. जी उरली आहेत ती भिंगाखाली धरून वाचावीत, जुनी पेन्शनची कागदपत्रे आणि पत्रे पाहावीत, घरातील वृद्धांना विचारावे. केडगाव, दौंड, शिरूर परिसरातील शाळांनी आणि तरुण मंडळांनी एकेक गाव वाटून घेतले, तर एका वर्षात मोठी यादी तयार होऊ शकेल. ती यादी त्या शिळेशेजारी लावावी. जात, धर्म, हुद्दा काही न पाहता सर्व नावे एका ओळीत लिहावीत.

शंभर वर्षे ही माणसे आकडा होऊन राहिली. ज्या साम्राज्याने त्यांना आकडा केले ते केव्हाच लयाला गेले. त्यांना पुन्हा माणूस करणे एवढे काम मात्र त्यांच्या गावकऱ्यांसाठी शिल्लक आहे.