पाणी जातं कुठं?



बैठकीला येणारी जीप असो की कापसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर, इंजिन तापलं की आपण सगळे एकच करतो. बादलीभर पाणी ओततो अन् निघतो. पण रेडिएटर म्हणजे काही कपाशीचं वावर नाही. त्यातलं पाणी बंद नळ्यांतून फिरतं. कमी झालं म्हणजे कुठून तरी गेलं. ती वाट शोधायची.

तापलेल्या इंजिनाचं झाकण मात्र उघडायचं नाही. आत दाब असतो, म्हणूनच पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की ते उसळून थेट तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा. झाकणाचं रबर चिरलं असेल तर हा दाब टिकत नाही आणि पाणी बाहेर पडत राहतं. झाकण स्वस्त असतं, आधी तेच बघा.

मग रात्रभर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. ओल पुढं असेल तर रेडिएटर नाहीतर होजपाईप. पंख्यामागं ठिबकत असेल तर वॉटर पंपाचं सील.

पुठ्ठा कोरडा, तरी पाणी घटतंच? मग ते इंजिनाच्या आत जातंय. ऑईलची पट्टी काढून बघा. ऑईल ताकासारखं पांढुरकं, इंजिन तापल्यावरही धूर पांढरा, रेडिएटरात बुडबुडे. यातलं एक जरी दिसलं तरी हेड गॅसकेटचा संशय धरा. गाडी ओढून न्या, चालवत नेऊ नका. गॅसकेटच्या खर्चात भागणारं काम हेड वाकलं की कितीतरी पटीनं महाग पडतं.

पाणी पुरेसं असून तापत असेल तर ज्वारीच्या मळणीचा भुसा आठवा. ट्रॅक्टर एका जागी उभा, भुसा जाळीत बसलेला, हवा जाणार कुठून? जाळी इंजिनाच्या बाजूनं बाहेर फुंकून काढा. पंख्याचा पट्टा सैल आहे का तेही बघा. काही मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून फेकतात. आम्हाला हे पटत नाही. इंजिन थंडच चालतं आणि डिझेल जास्त खातं.

आम्ही कृषी महाविद्यालयात मातीतले क्षार मोजायला शिकलो, रेडिएटरातले कुणी शिकवले नाहीत. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी आत थर धरतं, गंजही आणतं. त्यापेक्षा बॅटरीचं शुद्ध पाणी आणि कूलंट घाला, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. हे कूलंट बहुधा चवीला गोड आणि विषारी असतं. जनावरानं चाटलं तर मूत्रपिंडं निकामी होतात, म्हणून काढलेलं कूलंट गोठ्याजवळ ओतू नका, डबाही पोरांच्या हाती लागू देऊ नका.