फोन कुणाला करायचा?



 मुलांना वाढवताना कृत्रिम बुद्धिमत्ता आईवडिलांच्या कितपत उपयोगी पडेल, हा प्रश्न म्हैसूरच्या या मराठी परिषदेने पुढे ठेवला आहे. त्यावर आज दोन तऱ्हेची माणसे हिरिरीने बोलतात. काहींच्या मते गोष्ट सांगणारे, अभ्यास घेणारे, तापावर सल्ला देणारे यंत्र घरात आले की पालकांचा अर्धा भार उतरेल. काहींना वाटते, असे यंत्र घरात शिरले की मूल हातचे गेलेच. भांडण जोरात आहे, पण दोघांच्या मनातले चित्र एकच आहे: यंत्र बोलते आहे आणि मूल किंवा आई ऐकते आहे. माझा आक्षेप या चित्रालाच आहे. या तंत्राने आईला मदत झाल्याचा, मोजून पाहिलेला असा एक दाखला आपल्या मुंबईत आहे आणि त्यात ही बुद्धिमत्ता आईशी एक शब्दही बोललेली नाही. फोन कुणाला करायचा, एवढेच तिने कार्यकर्त्यांना सांगितले.

डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली स्थापन केलेल्या 'अरमान' या संस्थेचा 'एममित्र' हा उपक्रम आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. २०१४ पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या आणि सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर बायकांना त्यातून ध्वनिमुद्रित संदेश मोफत पाठवले जातात. कितवा महिना आहे, बाळ किती आठवड्यांचे आहे, हे पाहून संदेश बदलतो आणि बाळ वर्षाचे होईपर्यंत तो येत राहतो. साधा फोन चालतो, वाचता यायला हवे असे नाही. ही निवड किती शहाणपणाची होती ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीवरून कळते: २०१९ ते २०२१ या काळात देशातल्या पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, बायकांपैकी ३३ टक्क्यांनी. पालकांसाठीच्या चकचकीत ॲपबद्दल बोलताना या आकड्यांतली दरी विसरली जाते. तरीही एममित्रपुढे एक अडचण होतीच. बऱ्याच बायका काही आठवड्यांनी संदेश ऐकणे सोडून देत. कुणाचा फोन नवऱ्याकडे असे, कुणाची वेळ चुकीची नोंदलेली असे, कुणाला कंटाळा आलेला असे. कार्यकर्त्याने स्वतः फोन करून विचारपूस केली की गाडी पुन्हा रुळावर येई. पण बायका हजारोंनी आणि फोन करणारी माणसे मूठभर.

इथे गणित कामाला आले. मिलिंद तांबे यांच्या नेतृत्वाखालचा गूगल रिसर्च इंडियाचा गट आणि आयआयटी मद्रास यांनी संस्थेबरोबर एक पद्धत बसवली. कोणती बाई गळण्याच्या बेतात आहे आणि फोन केल्याने कुणाच्या वागण्यात फरक पडेल, याचा अंदाज यंत्राने दर आठवड्याला बांधायचा. या दोन गोष्टी एक नाहीत, ही यातली मेख आहे. काही बायका फोन केला तरी ऐकणार नसतात, काही न करताही ऐकतात. मनुष्यबळ अपुरे असेल तेव्हा मधल्या बायका शोधाव्या लागतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २३,००३ बायकांचे तीन गट सात आठवडे पाहिले. एका गटाला नेहमीचेच संदेश गेले, दुसऱ्यात पाळीपाळीने फोन केले, तिसऱ्यात यंत्राने सुचवलेल्या बायकांना केले. तिसऱ्या गटातली गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. पाळीपाळीने केलेल्या फोनांचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. म्हणजे माणसांची तेवढीच मेहनत केवळ योग्य दारी गेल्यामुळे फळाला आली. संदेश ऐकले म्हणजे बाळ सुदृढ झाले असे नव्हे, ही शंका कुणी घेईल तर ती रास्त आहे. या चाचणीने ऐकणे मोजले, बाळाचे वजन मोजले नाही. माझा दावाही तेवढ्यापुरताच आहे: अपुऱ्या पडणाऱ्या माणसांचे लक्ष कुठे खर्च करावे, हे ठरवायला यंत्राची मदत होते.

आता कुणी विचारेल की शेवटी माणूसच बोलायला हवा हा आग्रह कशाला? ध्वनिफीत किंवा चॅटबॉट तेच सांगू शकत असेल तर भावनेपोटी अडून का बसायचे? आग्रह भावनेचा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार, तिसऱ्या वर्षी त्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून हीच घरभेटीची पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली. घरभेटीत सल्ला असतोच, पण बाळाकडे पाहणारी, त्याला उचलून वजन करणारी, सासूला शेजारी बसवून समजावणारी बाईही असते. त्याआधी कितीतरी वर्षे ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर हेच ओळखले होते. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून तिथे अंगणवाडी उभी राहिली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा कर्नाटकातला पहिला प्रकल्प याच जिल्ह्यात, टी. नरसीपूरला निघाला. ठाण्याच्या किनाऱ्यावर रुजलेली कल्पना कावेरीकाठी आली, आणि आपण तिच्यापासून तासाभराच्या अंतरावर बसलो आहोत, हा योगायोग मला आवडतो.

बाळाच्या बाबतीत माणसाच्या उपस्थितीला आणखी एक कारण आहे आणि म्हैसूरला ते सांगायला नको. साठच्या दशकापासून इथे अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. कर्णबधिर मुलाबरोबर त्याच्या आईलाही शिकवायचे, कारण उपचारकाच्या खोलीत तासभर मिळते ते घरी दिवसभर बोलणाऱ्या माणसाविना टिकत नाही, ही समज या शहरात जुनी आहे. प्रयोगशाळेतही हेच दिसले. संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन भाषा ऐकवली. समोर माणूस बसून खेळत-बोलत होता, तिथे बाळांनी त्या भाषेतले ध्वनिभेद पकडले. तेच बोलणे पडद्यावरून किंवा नुसत्या आवाजातून ऐकलेल्यांनी पकडले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ साली दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको म्हटले. पडद्यावरचा पाहुणा आता उत्तरेही देतो, म्हणून लहान बाळाच्या बाबतीत तो सल्ला सैल करावा, असे मला वाटत नाही.

म्हैसूरच्या मराठी घरांत भाषेचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. घरात मराठी, तीही अनेकदा पिढ्यान्‌पिढ्या कन्नडच्या सहवासात वेगळे वळण घेतलेली, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. असे मूल दोन वर्षांचे होऊनही पुरेसे बोलत नाही, म्हणून आई घाबरते आणि 'घरातली भाषा सोडा, एकच बोला' असा सल्ला तिला चारही बाजूंनी मिळतो. अनेक भाषा कानावर पडल्याने वाचादोष होतो याला संशोधनाचा आधार नाही. खरा दोष असेल तर तो सगळ्याच भाषांत दिसतो. अशा आईला रात्री अकरा वाजता हे नीट समजावून सांगणारे, आणि सकाळी श्रवणचाचणी करून घ्या म्हणून सुचवणारे साधन मिळाले तर मी त्याचे स्वागत करीन. पण तेच साधन मुलाचे बोलणे ऐकून निकाल द्यायला लागले तर मी थांबवीन. बहुतेक यंत्रे मोठ्या माणसांच्या, एकभाषी, स्वच्छ आवाजावर घडलेली असतात आणि लहान मुलांचे बोलणे ओळखताना ती जास्त चुकतात. 'आई, नीरु दे' म्हणणारे मूल मराठी वाक्यात कन्नड पाणी मागते आहे, हे शेजारणीला कळते. यंत्र त्याची नोंद चूक म्हणून करण्याची भीती आहे. १९६९ पासून इथे असलेल्या भारतीय भाषा संस्थेने भाषासामग्री जमवण्याचे मोठे काम केले आहे, २०२२ पासून सरकारचा 'भाषिणी' प्रकल्पही चालू आहे. सीमेवरच्या आणि परमुलखातल्या मिश्र बालबोलीचे नमुने अशा संग्रहांत नीट आले पाहिजेत, ही मागणी आपण नाही केली तर कोण करणार?

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. ज्या आईला आशाताई महिन्यातून एकदा भेटते, डॉक्टर तालुक्याला असतो आणि सासर-माहेर दोन्ही दूर, तिला तुम्ही माणसाची वाट पाहायला सांगणार? काहीच नसण्यापेक्षा चॅटबॉट बरा नाही का? बरा आहे, हे मी मान्य करते. आजीच्या शहाणपणाचा गहिवर मला फारसा येत नाही. त्याच शहाणपणाने पहिला चीक पिळून टाकायला सांगितला आणि तान्ह्याला मध चाटवला. चांगले यंत्र या दोन्ही गोष्टींना ठामपणे नाही म्हणेल. पण त्याला बाळ दिसत नाही. आई जे सांगते तेवढेच त्याला कळते आणि घाबरलेली आई किंवा धीर देऊ पाहणारा बाप नेमके हवे ते सांगेलच असे नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक असतील तर तो धोका आहे. हे यंत्राला माहीत असते, पण श्वास कुणीतरी मोजावे लागतात. म्हणून चांगल्या साधनाने श्वास कसे मोजायचे ते शिकवावे, उत्तर ऐकून लगेच जवळच्या माणसाचा नंबर पुढे करावा आणि स्वतः बाजूला व्हावे. धंद्याच्या हिशेबात ते बसत नाही, कारण ॲपची कमाई वापरणारा गुंतून राहण्यावर असते. पालकाला लवकर मोकळे करणारे साधन बाजार आपणहून बनवील, अशी आशा मला नाही.

उलटा दाखलाही आपल्याच घरातला आहे. मार्च २०२१ मध्ये अंगणवाड्यांसाठी 'पोषण ट्रॅकर' ॲप आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. हँडसेट निकामी होते आणि ॲप मराठीत नव्हते. पुढे घरपोच आहार देण्यापूर्वी लाभार्थीचा चेहरा पडताळण्याची अट आली आणि नेटवर्क नाही, चेहरा जुळत नाही, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो, अशा तक्रारी सेविका करू लागल्या. गैरव्यवहार होतच नाही असे मी म्हणत नाही. तो शोधायलाच हवा. पण दोन्हीकडचे तंत्र एकाच कुळातले आहे. मुंबईत ते सुटून चाललेल्या आईला शोधून तिच्याकडे माणूस धाडते. अंगणवाडीत ते दारात आलेल्या आईकडे संशयाने पाहते आणि सेविकेचा वेळ मुलांऐवजी पडद्याकडे वळवते. पालकांना मदत म्हणून एखादे साधन पुढे केले की संशयाचे तोंड कुणाकडे आहे, एवढे आधी पाहावे.

बोलक्या खेळण्यांविषयी थोडक्यात. फेब्रुवारी २०१७ मध्ये जर्मनीने 'केला' नावाच्या बोलक्या बाहुलीवर छुपे हेरगिरीचे साधन म्हणून बंदी घातली आणि घरात असलेल्या बाहुल्या निकामी करायला पालकांना सांगितले. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई करतो. नियमांनी काही सवलती दिल्या जातात, हेही खरे. कायदा कंपन्यांना आवरील. स्वतःच मुलांवर चोवीस तास नजर ठेवणारी ॲपे लावून निर्धास्त होणाऱ्या पालकांना तो आवरणार नाही. ते काम पालकसभांचे आहे.

परिषदेत ठराव येतील आणि त्यांत 'पालकांसाठी मराठी ॲप' अशी मागणी असेल, हे मी धरून चालले आहे. मागणी वाईट नाही. तिला दोन कलमे जोडा. मुलांचे आवाज आणि नोंदी कुठे व किती दिवस राहतील, हे पालकांना त्यांच्या भाषेत लेखी कळले पाहिजे. आणि यंत्राने ज्यांना फोन करा म्हटले त्यांना फोन करणाऱ्या, घरी जाणाऱ्या बायकांच्या पगाराची तरतूद ॲपच्याच खर्चात धरली पाहिजे. पहिल्या कलमाला कुणी विरोध करणार नाही. दुसऱ्याला होईल, कारण ॲपचे उद्घाटन एकदा करायचे असते आणि पगार दर महिन्याला द्यायचा असतो. सेविका आणि आशा आजही पगारावर नाहीत, मानधनावर आणि मोबदल्यावर राबतात. तेव्हा संयोजकांना एवढीच विनंती करते की चर्चेचा जास्त वेळ त्या दुसऱ्या कलमासाठी राखून ठेवावा.