गाठोडे नको, भाव सांगा

(नागभीड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणक, मोबाइल आणि इंटरनेट यांच्या एकत्रित करारांत ग्राहकाला योग्य मोबदला मिळतो काय, हा आजचा विषय. हा पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाचा प्रश्न धानाच्या मुलखात कशाला आणला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. माझी समजूत उलट आहे. जोडविक्री म्हणजे काय, हे नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या शेतकऱ्याला जितके उमगते तितके शहरातल्या ग्राहकाला उमगत नाही. रोवणी आटोपते, धानाला युरिया द्यायची वेळ येते, आणि कृषी केंद्रावर काय ऐकावे लागते? गोणी हवी असेल तर सोबत ही बाटली घ्या, किंवा ती सूक्ष्म अन्नद्रव्यांची पिशवी घ्या. दुकानदाराला जाब विचारला तर तो म्हणतो, ‘‘आम्हाला वरूनच असे येते.’’ त्याचे म्हणणे पुष्कळदा खरेही असते. ही सक्ती बेकायदा आहे असे शासन दर खरिपात जाहीर करते आणि दर खरिपात ती चालूच राहते. कारण उघड आहे. गोणीचा भाव सरकारने बांधलेला आहे. गोणीवर जो नफा काढता येत नाही तो बाटलीवर काढायचा.

यात नवे काही नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत शहरांतून गॅसच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि नंबर लागला की वितरक म्हणे, शेगडी आमच्याकडूनच घ्या. अशा व्यवहारांना आळा घालण्यासाठीच १९६९ च्या मक्तेदारी कायद्यात जोडविक्रीला निर्बंधक व्यापारप्रथा म्हटले गेले. पुढे २००२ च्या स्पर्धा कायद्यातही तो विचार आला. कायदा शेगडी ओळखतो, गोणीबरोबरची बाटलीही ओळखतो. पण मोबाइलच्या रिचार्जमध्ये गोणी कोणती आणि बाटली कोणती, हेच कळेनासे झाले आहे.

२०१७ सालच्या जुलैमध्ये रिलायन्स जिओने एक साधा फोन जाहीर केला. १५०० रुपये अनामत ठेवायची, तीन वर्षांनी ती परत मिळणार. म्हणजे फोनची प्रत्यक्ष किंमत शून्य, असे सांगण्यात आले. सप्टेंबरात अटी बाहेर आल्या. दर वर्षी किमान १५०० रुपयांचे रिचार्ज केले पाहिजे, म्हणजे तीन वर्षांत ४५०० रुपये. फोन पहिल्या वर्षात परत केला तर १५०० रुपये आणि वर जीएसटी भरायचा, दुसऱ्या वर्षात १०००, तिसऱ्यात ५००. फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम चालत नव्हते. नंबर न बदलता कंपनी बदलण्याचा हक्क या देशात २० जानेवारी २०११ पासून सर्वत्र मिळाला होता. या फोनच्या धन्याला नंबर नेता येत होता, फोन मात्र नेता येत नव्हता.

त्याच वेळी हेही कबूल केले पाहिजे की त्या फोनाने आणि त्याआधी सप्टेंबर २०१६ पासूनच्या फुकट बोलण्याने गावोगावच्या माणसांची सोय झाली. मिरचीच्या तोड्यासाठी तेलंगणात गेलेल्या माणसाशी घरच्यांना मिनिटे न मोजता बोलता आले. आपले काही मित्र भांडवलदाराच्या प्रत्येक स्वस्ताईकडे संशयाने पाहतात आणि लोक त्यांच्याकडे. स्वस्त झाले ते स्वस्त झाले असे म्हणावे, आणि मग विचारावे की कोणत्या अटीवर आणि किती दिवस.

हिशेब करण्याची सवय लागावी म्हणून एक उदाहरण जरा सावकाश मांडतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच कंपनीचा टचस्क्रीनचा फोन बाजारात आला. रोखीने ६४९९ रुपये. हप्त्याने घ्यायचा तर आधी १९९९, शिवाय प्रक्रियाशुल्क ५०१, आणि मग एका योजनेत रोज दीड जीबी डेटासह महिना ४५० रुपये, चोवीस महिने. एकूण १३,३०० रुपये. त्यातून फोनचे ६४९९ वजा केले तर डेटा व बोलणे यांसाठी दोन वर्षांचे ६८०१ उरतात. हाच रोज दीड जीबीचा रिचार्ज त्या महिन्यात सुटा घेतला तर २८ दिवसांना १९९ रुपये पडत होता. दोन वर्षांत सव्वीस रिचार्ज, म्हणजे ५१७४. फरक १६२७ रुपयांचा. साडेचार हजारांच्या उधारीवर दोन वर्षांत १६२७ रुपये, हे व्याज थोडे नव्हे. पण गंमत पुढे आहे. १ डिसेंबरला त्याच कंपनीने १९९ चा रिचार्ज २३९ चा केला. नव्या भावाने सव्वीस रिचार्जचे ६२१४ होतात आणि फरक उरतो ५८७. चार आठवड्यांपूर्वी महाग असलेले गाठोडे एकाएकी वाजवी दिसू लागले. गाठोड्यात काहीच बदलले नव्हते. बाहेरच्या सुट्या वस्तूचा भाव वाढला होता, आणि तो वाढवणारा विक्रेताही तोच होता. गाठोडे स्वस्त की महाग हे ज्या मापाने मोजायचे ते मापही त्याच्याच हातात.

सव्वीस रिचार्ज हा आकडा काहींना खटकला असेल. महिना तीस-एकतीस दिवसांचा, रिचार्ज अठ्ठावीसचा. म्हणून वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, प्रत्येक कंपनीने तीस दिवसांची किमान एक योजना द्यावी असा आदेश काढला. आपल्या गावात ती योजना मागणारा कोणी भेटला तर मला कळवा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा २८ दिवसांचा १५५ रुपयांचा रिचार्ज १८९ रुपयांचा झाला. तेरा रिचार्ज धरले तर वर्षाला ४४२ रुपयांची वाढ. रोजमजुरीवर जगणाऱ्या घराला ही वाढ जाणवते. आणि ज्या घरात फोन केवळ बोलण्यासाठी आहे, ज्याला व्हिडिओ पाहायचा नाही, ज्याचा फोन बटनांचा आहे, त्यालाही डेटासह रिचार्ज घेणे भाग होते. धानाच्या गोणीबरोबर सिमेंटची गोणी घ्यावी तसा हा प्रकार. ही तक्रार ट्रायपर्यंत पोचली आणि २३ डिसेंबर २०२४ रोजी नियम झाला की केवळ बोलणे आणि संदेश यांसाठी, डेटाविना, किमान एक रिचार्ज प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे.

पुढे काय झाले ते नीट पाहा, कारण गाठोड्याच्या आत काय असते ते यात उघडे पडले. एअरटेलची ८४ दिवसांची एक योजना ५०९ रुपयांची होती. तीत ६ जीबी डेटा होता. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने त्यातला डेटा काढून घेतला आणि किंमत ठेवली ५०९. वर्षाची १९९९ ची योजना होती, तीत २४ जीबी डेटा होता. डेटा गेला, किंमत राहिली १९९९. पिशवीतून तांदूळ काढून घ्यायचा आणि रिकाम्या पिशवीला भरल्या पिशवीचा भाव लावायचा! गाजावाजा झाला, ट्रायने या दरांची तपासणी करण्याचे जाहीर केले, आणि काही दिवसांत ५०९ चे ४६९ झाले, १९९९ चे १८४९ झाले. जिओनेही आपले ४५८ चे ४४८ आणि १९५८ चे १७४८ केले.

आता भागाकार करा. ६ जीबी परत केल्याबद्दल ग्राहकाला ४० रुपयांची सूट मिळाली. जीबीला पावणेसात रुपयांच्या आत. त्याच कंपनीकडे त्याच काळात १ जीबी सुटा मागितला तर २२ रुपये पडत होते. तो एका दिवसात संपवावा लागतो आणि योजनेतला तीन महिने पुरतो, म्हणजे सुटा माल उलट हलक्या प्रतीचा. घेताना बावीस, परत करताना पावणेसात. कंपन्या म्हणतात, खर्च टॉवरचा आहे, एका जीबीचा वेगळा खर्च असा काढता येत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. टॉवर एकदा उभा राहिला की त्यावरून थोडा डेटा गेला काय नि जास्त गेला काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. पण मग सुट्या जीबीला बावीस रुपये कोणत्या हिशेबाने? एकाच कंपनीने ग्राहकासमोर दोन हिशेब मांडावेत आणि दोन्हींत नुकसान ग्राहकाचेच व्हावे, याला योग्य मोबदला म्हणता येणार नाही.

नियमाने सुटी वस्तू मिळाली म्हणजे काम झाले असेही नाही. टीव्हीच्या वाहिन्यांचा अनुभव ताजा आहे. फेब्रुवारी २०१९ पासून हवी तीच वाहिनी निवडा, तिचेच पैसे द्या, असा नियम आला. आपण सर्वांनी त्याचे स्वागत केले. वाहिनीवाल्यांनी काय केले? लोकप्रिय वाहिनीचा सुटा भाव १९ रुपयांपर्यंत नेऊन ठेवला आणि तीच वाहिनी दहाबारा इतरांसह मोळीत बांधून थोड्या जास्त पैशांत दिली. सुटी घेणाऱ्याला वेडे ठरवणारा भाव लावला की निवडीचा हक्क कागदावर राहतो आणि मोळी घरात येते.

डॉ. लोहियांनी कारखान्यातल्या मालाची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक असू नये असा आग्रह धरला होता. दीडपट की दुप्पट यावर वाद होऊ शकेल. परंतु त्या मागणीच्या पोटात आणखी एक मागणी आहे: प्रत्येक वस्तूचा खर्च आणि भाव वेगवेगळा दिसला पाहिजे. १९७२ साली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघालेल्या मुंबईच्या बायकांना तेलाचा भाव ठाऊक होता, रव्याचा ठाऊक होता, म्हणून त्या भांडू शकल्या. गाठोड्याच्या भावाशी भांडायचे कसे? या नागभीडहून नागपूरला जाणारी छोटी गाडी आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. उमरेडचे तिकीट मागितले तर तिकीटबाबू नागपूरपर्यंतचे घ्याच म्हणत नसे.

संगणकाच्या बाबतीत ही गाठ अधिक घट्ट बसते, कारण तिथे कर्ज येते. टाळेबंदीच्या काळात शाळा बंद होत्या तेव्हा माझ्या ओळखीच्या एका घरी मुलीसाठी टॅब्लेट आला. टॅब्लेट, अभ्यासक्रम आणि दोन वर्षांची शिकवणी मिळून एकच करार. सह्या घाईत झाल्या. तीन महिन्यांनी शिकवणी जमेना म्हणून त्यांनी नको म्हटले तेव्हा कळले की शिकवणी एका कंपनीची आणि हप्ते दुसऱ्या वित्तसंस्थेचे आहेत. शिकवणीवाला म्हणतो, पैसे आम्हाला मिळून गेले. वित्तसंस्था म्हणते, शिकवणीशी आमचा संबंध नाही. हप्ता मात्र बँकेतून आपोआप जातच राहिला. हा प्रकार इतका पसरला की डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाला पालकांसाठी सूचनापत्र काढून आपोआप पैसे वळते करण्याच्या संमतीपासून सावध राहा असे सांगावे लागले.

या गृहस्थांना मी ग्राहक आयोगाकडे जा म्हटले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ अशी व्याख्याच आहे. अवाजवी अनामत, अवाजवी दंड, कर्ज मुदतीआधी फेडू न देणे, हे सारे तीत येते. चांगला कायदा आहे. पण करारच अन्याय्य आहे अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही. ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. आपल्याला त्यातल्या त्यात जवळचे म्हणजे नागपूरचे खंडपीठ, शंभरेक किलोमीटरवर. वकील, जाणे-येणे, बुडणारे दिवस यांचा हिशेब करून त्यांनी उरलेले हप्ते भरून टाकले. जिल्हा आयोगाला हा अधिकार मिळावा ही मागणी आपण लावून धरली पाहिजे, आणि तिला फार पैसेही लागणार नाहीत. मोबाइल कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते की नाही हा जुना वाद मात्र सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये मिटवला आहे, जाता येते.

मघाशी जेवणाच्या सुट्टीत जंगलाकडच्या गावातून आलेल्या एका ताईंनी मला विचारले, ‘‘भाऊ, आमच्याकडे टॉवर आहे, पण महिन्यातले आठ दिवस चालत नाही. रिचार्ज तर अठ्ठावीस दिवसांचाच संपते. त्या आठ दिवसांचे पैसे कोणाकडून घ्यायचे?’’ सगळ्या भाषणात यापेक्षा नेमका प्रश्न मी मांडलेला नाही. नियम आहे. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-दर्जाच्या नियमांनुसार चोवीस तासांहून अधिक काळ सेवा बंद राहिली तर रिचार्जची मुदत वाढवून दिली पाहिजे. एप्रिल २०२५ पासून हे बंधन लागू झाले. पण सेवा कुठे बंद पडली हे मोजण्याचे एकक जिल्हा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात सेवा बंद पडली तर मुदत वाढेल. ताईंच्या गावचा टॉवर महिनाभर मुका राहिला तरी जिल्हा चालूच आहे. रिचार्ज विकताना गाव चालते, भरपाई देताना जिल्हा लागतो.

१८९ रुपयांना २८ ने भागले तर दिवसाचे पावणेसात रुपये येतात, आठ दिवसांचे ५४. ताईंच्या गावात असे किती फोन आहेत ते त्यांनी मोजून आणायचे कबूल केले आहे. टॉवर कोणत्या तारखेला बंद पडला आणि केव्हा सुरू झाला, याची वही ग्रामपंचायतीत ठेवायची आहे. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. अर्ज ट्रायला आणि कंपनीला, दोघांनाही, आपण इथेच बसून लिहू.