गव्हावरील मावा : मुळाशी होणारे नुकसान



जबलपूर शहरातील गोहलपूर आज दाट वस्तीचे असले, तरी शहराभोवतालचा पट्टा ‘हवेली’ या परंपरागत शेतीपद्धतीसाठी ओळखला जातो. पावसाळ्यात बांध घातलेल्या काळ्या शेतात पाणी साठवायचे, पेरणीपूर्वी ते सोडून द्यायचे आणि उरलेल्या ओलीवर गहू वा हरभरा घ्यायचा, अशी ही पद्धत. ओल जसजशी खाली जाते, तसतसे मुळालाही खाली जावे लागते.

यात मावा ही कीड अडथळा आणते. ती अन्नरस शोषून घेत असल्याने पानांत तयार झालेली शर्करा मुळांपर्यंत पुरेशी पोहोचत नाही. रोपावस्थेत प्रादुर्भाव तीव्र असल्यास मुळांची वाढ खुंटते. गव्हाला पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. तेव्हा बसलेला फटका सहज भरून निघत नाही. हे नुकसान जमिनीखाली असल्याने लवकर लक्षातही येत नाही.

मग सरसकट फवारणी करावी काय? होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाइतके होईल, ती किडीची संख्या म्हणजे ‘आर्थिक नुकसानीची पातळी’. किडीची संख्या त्या पातळीकडे जात नसताना केलेली फवारणी तोट्याची ठरते. शिवाय मावा खाणारे ढालकिडेही तीत मरतात. नत्राच्या अतिरेकाने मावा बळावतो; म्हणजे खताचा जादा खर्च औषधाचाही खर्च वाढवतो. १९८५ मध्ये देशाने स्वीकारलेल्या एकात्मिक कीड व्यवस्थापनामागील अर्थशास्त्र हेच आहे.

म्हणून पिकाची पाहणी करताना एखादे रोप उपटून त्याचे मूळही पाहावे. उत्पादनाचा हिशेब तेथूनच सुरू होतो.