काळ्या पाषाणातील स्कँडियम

जमिनीत मौल्यवान धातूचा अंश आढळला म्हणजे खाण सापडली, असे नव्हे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील काळी माती ज्या बेसाल्टच्या झिजेतून बनली, तो पाषाण सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्याच्या एका टनात सोने अवघे काही मिलिग्रॅम, तर स्कँडियम सुमारे ३० ग्रॅम! मग गाविलगडच्या डोंगरात खाण का नाही, असे विद्यार्थी विचारील आणि ग्रामसभेतही कोणी विचारील. शिक्षकांनी व सरपंचांनी त्यास सांगावे की, सोने शिरांत साठते. स्कँडियम मात्र पायरॉक्सिनसारख्या खनिजांत लोह-मॅग्नेशियमच्या जागी विखरून बसते. ते वेगळे करण्याचा खर्च परवडत नाही. जगात ते बहुधा टायटॅनियमसारख्या अन्य धातूंच्या शुद्धीकरणात उपउत्पादन म्हणूनच मिळते.

मेंडेलीव्हने या धातूचे भाकीत १८७१ मध्ये केले. १८७९ मध्ये स्वीडनच्या निल्सनने तो शोधला. आवर्त सारणीच्या पारंपरिक मांडणीत त्याच स्तंभाच्या तळाशी असलेले ॲक्टिनियम मात्र खरोखर दुर्मिळ. खनिजातील एक टन युरेनियममागे ते सुमारे मिलिग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याएवढे, आणि त्यातलेही निम्मे सुमारे २२ वर्षांत विघटन पावते.