पिग्मीवाल्याला खुर्ची द्या



नागरी सहकारी बँकांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदी मला बसवलंत, आभारी आहे. माझ्यापेक्षा योग्य माणसं होती, असं अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. ते म्हटलं असं समजा. यजमान बँकेने आमची बडदास्त उत्तम ठेवली. दुपारच्या जेवणानंतर अध्यक्षीय भाषण ठेवण्याचं धाडसही त्यांनी केलं, त्याबद्दल त्यांचे वेगळे आभार.

पत्रिकेत माझ्या नावापुढे 'नागरी बँकांच्या वाटचालीचा आढावा' असं छापलं आहे. तेव्हा आढावा घेतो. 1889 साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी बडोद्यात अन्योन्य सहकारी मंडळी काढली, तेव्हा देशात सहकाराचा कायदासुद्धा नव्हता. तो 1904 साली आला. 1906 साली पुण्यात कॉसमॉस आणि मुंबईत शामराव विठ्ठल, 1918 साली सारस्वत. 1 मार्च 1966 पासून बँकिंग नियमन कायदा आपल्याला लागू झाला आणि 2020 च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेची पकड आणखी घट्ट झाली. त्याच वर्षी ठेवींच्या विम्याची मर्यादा एका लाखावरून पाच लाखांवर गेली. आढावा संपला.

आता ज्यासाठी मी हे पद स्वीकारलं ते बोलतो. सकाळी 'ग्राहकसंबंध' या विषयावर तीन निबंध वाचले गेले. मी पुढच्या रांगेत बसून शब्दन्‌शब्द ऐकला. ग्राहकाला वाढदिवसाचा एसएमएस कसा पाठवावा, ग्राहक मेळाव्यात तिळगूळ द्यावा की रोप द्यावं, कोणत्या खातेदाराला कोणती योजना विकावी हे संगणकाने कसं सुचवावं, सगळं झालं. पडद्यावर रंगीत चित्रं आली. एवढ्या वेळात 'पिग्मी' हा शब्द एकाच्याही तोंडून आला नाही. मग मी बाहेर जाऊन नावनोंदणीचं रजिस्टर चाळलं. सरव्यवस्थापक आहेत, संचालक आहेत, सॉफ्टवेअर विकणारे तर भरपूर आहेत. पिग्मी प्रतिनिधी एकही नाही. असणार कसा? तो आत्ता या क्षणी कुठल्यातरी पेठेत दुकानाच्या पायरीवर उभा असेल, गिऱ्हाईक आटपायची वाट बघत.

ज्याला तुम्ही ग्राहकसंबंध म्हणता, तो आपल्या धंद्यात या एका माणसाच्या पायांवर उभा राहिला. 1928 साली टी. एम. ए. पै यांच्या उडुपीच्या बँकेने पिग्मी ठेव म्हणून रोज दोन आणे दारात जाऊन गोळा करायला सुरुवात केली. ती रीत आपण उचलली आणि आपल्या ठेवी वाढल्या. पण ठेवी आणणाऱ्याला आपण काय समजलो? पैसे वाहून आणणारा हमाल. तो रोज शेकडो दारांत जातो, कोणाचं दुकान चाललंय आणि कोणाचं नुसतं उघडं आहे हे बघतो, आणि संध्याकाळी शाखेत येऊन फक्त रक्कम भरून निघून जातो. त्याने दिवसभर पाहिलेलं त्याला कोणी विचारत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मी नोकरीत असल्यापासून करत आलोय.

इचलकरंजीच्या शाखेत असतानाची गोष्ट. एका यंत्रमागधारकाचा कर्जाचा अर्ज आला. गृहस्थ खर्चीवाला, म्हणजे दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा. आणखी माग घ्यायचे होते. कागदपत्रं चोख, तारण पुरेसं, जामीनदार वजनदार. त्या भागातला आमचा पिग्मी एजंट संध्याकाळी पिग्मी नोंदवायचं मशीन जमा करायला आला तेव्हा त्याला टेबलावरचा अर्ज दिसला. तो म्हणाला, "साहेब, हेला नवं माग कशाला? हाय त्यातलं निम्मं गेला महिनाभर बंद हाईत. दारात हुबारलं की आवाजावरनं कळतंय." शिवाय रोजची पिग्मी आधी निम्म्यावर आली होती, मग दिवसाआड झाली होती. मी हे सगळं माझ्या शेऱ्यात लिहून वर पाठवलं. कर्जसमितीत एक संचालक हसले आणि म्हणाले, "आता काय पिग्मीवाला आम्हाला बँकिंग शिकवणार?" कर्ज मंजूर झालं. माग आले नाहीत, पैसे जुनी देणी भागवण्यात गेले आणि वर्षाच्या आत खातं थकीत. वसुलीच्या बैठकीत तेच संचालक विचारत होते की पूर्वसूचना कशी मिळाली नाही.

लहान कर्जालाही क्रेडिट स्कोअरच प्रमाण मानावा की नाही, यावर सकाळी बरीच खडाजंगी झाली. स्कोअर बघा, जरूर बघा. पण तो मागच्या हप्त्यांचा हिशेब सांगतो, आणि ज्याने कधी कर्जच घेतलं नाही त्याच्याबद्दल त्याच्याजवळ सांगायला काही नसतं. बसस्टँडजवळ खानावळ चालवणाऱ्या एका बाईंचा स्कोअर असाच कोरा होता. पिग्मीचा उतारा काढला तर पावसाळ्यातसुद्धा खाडा नाही, सणाच्या दिवसात रक्कम वाढलेली. एजंट म्हणाला, "वहिनी घरात नसल्या तर पैसं शेजारी ठेवून जात्यात." मी त्या जोरावर कर्ज दिलं. हप्ता एकदाही चुकला नाही. माझ्यापुरता हा वाद तिथेच मिटला.

आता समोरचे काही चेहरे बोलू लागलेत, मला दिसतंय. म्हणणार, ओळखीनेच सहकारी बँका बुडाल्या. बरोबर आहे. पण कोणाच्या ओळखीने? 2001 साली माधवपुरा बँक कोसळली ती शेअर दलालाशी असलेल्या ओळखीने. 2019 साली पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि पहिल्या दिवशी ठेवीदाराला फक्त हजार रुपये काढता येऊ लागले. एका बांधकाम समूहाची कर्जं लपवायला एकवीस हजारांवर बनावट खाती दाखवली होती, असं तपासात पुढे आलं. मला सांगा, त्या खात्यांच्या दारात पिग्मीवाला गेला असता तर त्याला दार तरी सापडलं असतं का? बँका बुडवते ती वरच्या मजल्यावरची ओळख. तळमजल्यावरच्या ओळखीने बँक बुडाल्याचं उदाहरण मला दाखवा, मी हे पद आत्ता सोडतो.

एजंट पैसे खातात, हाही आक्षेप आहे. काही खातात. पूर्वी चिठ्ठ्यांचा काळ होता, तेव्हा जास्त खात. आता पैसे दिल्याक्षणी ठेवीदाराच्या मोबाइलवर मेसेज जातो, तेव्हा हा बहाणा जुना झाला. आणि बँक लुटणाऱ्यांची यादी रकमेनुसार लावली तर पिग्मीवाल्याचं नाव शोधायला बरीच पानं उलटावी लागतील.

म्हसवडचं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो. रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला प्लास्टिकचा कागद हवा होता, त्यासाठी पैसे साठवायचे होते आणि बँका तिचं खातं उघडेनात. त्यातून चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं. प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर म्हणून परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी त्यांनी सांगितली, आणि 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बँकेत यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती बँक बायकांच्या दारात गेली. माण तालुक्यासारख्या दुष्काळी भागात हे घडलं, आणि आपण भर पेठेत शाखा थाटून ग्राहक कसा जोडावा यावर निबंध वाचतो.

क्यूआर कोड आल्यावर पिग्मी संपली, असं एक तरुण अधिकारी दुपारी जेवताना मला म्हणाले. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी गावात शिरलं, तेव्हाचं मी त्यांना सांगितलं. शाखा पुन्हा उघडली तेव्हा कोणता खातेदार कोणत्या शाळेत आसऱ्याला आहे, कोण पाहुण्यांकडे गेलाय, हे आमच्या प्रणालीत नव्हतं. ते एजंटांना माहीत होतं. पासबुकं भिजलेल्या लोकांना त्यांनीच ओळखून शाखेत आणलं. क्यूआर कोड भिंतीसकट पाण्याखाली होता.

अधिकाऱ्यांच्या बदल्यांचा विषय राहिला. दर तीन वर्षांनी बदली करा, माझी हरकत नाही. पेठ ओळखणारा पिग्मीवाला जागेवर असला म्हणजे झालं.

2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ठेव गोळा करणाऱ्यांना कामगार ठरवलं, त्यांचं कमिशन हे वेतनच आहे असंही सांगितलं. तरी आपल्या कित्येक बँकांत त्यांना बसायला टेबल नाही, प्रशिक्षणाला बोलावणं नाही, आणि वार्षिक अहवालात त्यांचे आभार शेवटून दुसऱ्या ओळीत मानलेले असतात. या परिषदेतर्फे एक अभ्यासगट नेमावा, असं मी सुचवतो. एजंटाचा अभिप्राय कर्जाच्या प्रस्तावाला कसा जोडायचा याचा नमुना या गटाने तयार करावा. कमिशन, विमा, पुढच्या पिढीची भरती हेही त्याच्या अभ्यासात यावं. तपशील नंतर ठरवू.

पण अभ्यासगटाची वाट बघू नका. कर्जसमितीच्या पुढच्या बैठकीला एक खुर्ची जास्त मांडा. मताचा अधिकार नंतर द्या, आधी पिग्मीवाल्याला तिथे बसवा आणि प्रत्येक अर्जावर विचारा: या दारात तू रोज जातोस, तुला काय दिसतं? तो सांगेल ते इतिवृत्तात लिहा. वर्षभरानंतर त्याचे शेरे आणि तुमची थकबाकी शेजारी शेजारी ठेवून बघा. आणि पुढच्या वर्षी परिषदेचं निमंत्रण पाठवाल तेव्हा प्रत्येक बँकेतून निदान एक पिग्मी प्रतिनिधी आलाच पाहिजे, अशी अट घाला. त्या दिवसाचं त्याचं कमिशन बुडेल. ते बँकेने भरून द्यावं.

जय सहकार.